ठिकाणाच्या आठवणीवर अमूर्त तैलचित्रांचं प्रदर्शन: पहिल्या टिपणापासून भिंतीवरच्या हुकापर्यंत

रंगाची ट्यूब उघडण्याआधी एक मोठा कागद घ्या आणि ज्या ठिकाणावर प्रदर्शन करायचं आहे त्याचा नकाशा आठवणीतून काढा. फोटो बघायचे नाहीत, घरात कुणाला विचारायचं नाही. वीस मिनिटं पुरतात. समजा विषय आहे कोकणातलं खाडीकाठचं जांभ्याचं घर. पडवी, माजघर, मागची न्हाणी, विहीर, खाडीकडे उतरणारी पाखाडी, सगळं मांडा. पायऱ्या किती होत्या, जोतं कमरेइतकं होतं की गुडघ्याइतकं, दुपारचं ऊन कुठल्या खोलीत यायचं, तेही लिहा. मग शक्य असेल तर तिथे जाऊन पावलांनी मोजून ताडा. जिथे नकाशा चुकला तिथे लाल पेन्सिलीने खूण करा. दहा पावलांवरची विहीर कागदावर कुठल्या कुठे लांब गेलेली असते आणि जोतं दुप्पट उंच झालेलं असतं, कारण ते लहानपणीच्या उंचीवरून पाहिलेलं आहे. प्रदर्शनाचा खरा ऐवज या लाल खुणांमध्ये असतो. कुठली चित्रं मोठी हवीत, कुठल्या दोन चित्रांमध्ये अंतर हवं, हे पुढे याच कागदावरून ठरतं. तो जपून ठेवा.

दुसरा निर्णय काय गाळायचं याचा. चित्रकार रामकुमार १९६०च्या सुमारास वाराणसीला गेले आणि त्यानंतर त्यांच्या चित्रांतून माणसं नाहीशी होत गेली. घाटांवर पाय ठेवायला जागा नसते अशा शहरातून त्यांनी माणसंच काढली आणि घरांचे कोन, पाण्याकडे उतरणारे उतार आणि राखाडी-तपकिरी रंग तेवढे ठेवले. सगळंच ठेवायला गेलं की अर्धवट ओळखू येणारं निसर्गचित्र हाती येतं आणि बघणारा 'हे झाड आहे का?' एवढंच विचारत राहतो. आपल्या यादीतल्या फार तर तीन गोष्टी ठेवा. या उदाहरणात भिंतीचा पोत, खाडीची आडवी रेघ आणि पडवीतला उन्हाचा पट्टा या तीन पुरेत. या संदर्भात चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचं नाव हमखास निघतं. त्यांच्याकडून थरांची शिस्त जरूर शिकावी. पण ते आपल्या चित्रांना अमूर्त म्हणण्याऐवजी नॉन-ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे कुठल्याच वस्तूवर न बेतलेली, म्हणत, ती कुठल्या जागेची चित्रं नव्हेत. जागा हाच विषय असेल तर रामकुमार आणि नर्मदेकाठचं जंगल पॅरिसपर्यंत मनात घेऊन गेलेले चित्रकार रझा हे जास्त जवळचे.

रंगाची टिपणं जागेवर बसूनच करायची. जाड कागदाचे ४ × ६ इंचांचे तुकडे जेसोचे (रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन हात देऊन आधीच तयार ठेवा. पॅलेट नाइफने (रंग कालवायच्या पातळ सुरीने) रंग कालवा, नाइफचं टोक भिंतीशेजारी धरून पाहा, रंग जुळला की तुकड्यावर लावा आणि मागे वेळ आणि मिश्रण लिहा. जांभ्याचा सावलीतला रंग साधारण तीन भाग बर्न्ट सिएना, एक भाग इंडियन रेड आणि नखाएवढा अल्ट्रामरीन यांतून येतो. पावसाळ्यानंतर त्याच भिंतीवर शेवाळं वाळून काळपट हिरवा थर बसतो. तो व्हिरिडियन आणि बर्न्ट अंबरमधून मिळतो, तयार सॅप ग्रीनमधून नाही. खाडीच्या पाण्यासाठी निळ्या ट्यूबला हातच लावू नका. रॉ अंबर, पांढरा आणि चिमूटभर व्हिरिडियन घ्या. पूर्ण प्रदर्शनासाठी या सहा ट्यूब आणि एक पांढरा पुरे. बारा चित्रं एकाच जागेची वाटायला हवी असतील तर ती एकाच मोजक्या पॅलेटमधून निघाली पाहिजेत. पांढरा टिटॅनियम घ्यावा. झिंक व्हाइटचा थर काही वर्षांत ठिसूळ होतो आणि त्यावरचा रंग पापुद्र्यासारखा सुटतो.

चौकट आणि कापड

कापडाच्या मोहात चौकटीकडे दुर्लक्ष होतं. लाकूड चांगलं वाळलेलं हवं. ओल्या पाइनची चौकट पहिल्याच उन्हाळ्यात पिळते आणि चित्राचा एक कोपरा भिंतीपासून बोटभर सुटतो. चौकट काटकोनात आहे का ते गुण्याने पाहून थांबू नका, दोन्ही कर्ण मोजा. ४८ × ६० इंचांच्या चौकटीचा प्रत्येक कर्ण ७६.८ इंचांच्या आसपास यायला हवा आणि दोघांत पाव इंचाहून जास्त फरक नको. तीन फुटांहून लांब बाजू असेल तर मधोमध आडवी पट्टी द्या. सुताराला आवर्जून सांगा की पट्ट्यांची आतली कड रंधून उतरती करायची, म्हणजे कापड फक्त बाहेरच्या कडेवर टेकेल. हे राहिलं तर नाइफच्या दाबाने कापड पट्टीला लागतं आणि चित्रात चौकटीची सरळ रेघ उमटते. ती कायमची.

बारा औंसांचं सुती कॅनव्हास या कामाला उत्तम. ताणताना चारही बाजूंच्या मध्यापासून सुरुवात करून कोपऱ्यांकडे जायचं, समोरासमोर एकेक स्टेपल मारत. एक बाजू पूर्ण करून दुसरीकडे गेलात तर कोपऱ्यात तिरक्या चुण्या पडतात. तयार कापडावर बोट मारलं की ढोलकीसारखा आवाज यायला हवा. किनारपट्टीवर सरसाचा अस्तर-हात देऊ नये. सरस हवेतलं पाणी ओढतो, पावसाळ्यात फुगतो, हिवाळ्यात आक्रसतो आणि वरचा रंग तडकतो. अॅक्रिलिक जेसोचे तीन हात द्या, एक आडवा, एक उभा, पुन्हा एक आडवा. प्रत्येक हात वाळल्यावर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा. शेवटच्या हातानंतर तीन दिवस थांबा.

भिंतीचा एक तुकडा, थरांतून

जुन्या घरांचे चिरे हाताने तासलेले असतात. त्यांवर हत्याराच्या तिरक्या, असमान खुणा दिसतात. आताच्या खाणीतल्या यंत्राने कापलेल्या चिऱ्यावर सरळ, समांतर रेघा असतात. खाणीतून निघालेला जांभा मऊ असतो आणि हवा लागून घट्ट आणि गडद होतो. चित्रही त्याच क्रमाने बांधता येतं. आधी मऊ आणि उजळ, मग घट्ट आणि काळपट.

पहिला थर बर्न्ट सिएनाचा, टर्पेंटाइनमध्ये चहाइतका पातळ. लावून लगेच चिंधीने पुसा, म्हणजे कापडाच्या विणीत रंग राहील आणि वर उजेड. दोन-तीन दिवसांनी इंडियन रेड आणि रॉ अंबरचा थर नाइफने, ट्यूबमधला रंग जवळपास तसाच. तो ओला असतानाच वर वर्तमानपत्राचा चुरगळलेला कागद दाबून सरळ वर उचला. कागद घसरला की सगळं लिंपलं जातं. उचललेल्या जागी जांभ्याला असतात तशी भोकं पडतात. नाइफ तिरका धरून तासल्याच्या चार-पाच खुणा ओढा, जास्त नको. दहा ते पंधरा दिवस वाळू द्या. मग अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर, त्यात एक भाग जवसाचं तेल आणि एक भाग टर्पेंटाइन मिसळून सगळीकडे पातळ फासा आणि सुती कपड्याने उंचवट्यांवरचं पुसून काढा. काळोख भोकांत राहतो, वर तांबडं उघडं पडतं. उन्हाच्या पट्ट्याला स्वतंत्र पिवळा लावण्यापेक्षा त्या भागातला थर तासून पहिला उजळ सिएना बाहेर काढावा. वरून लावलेला उजेड चिकटवल्यासारखा दिसतो, खालून आलेला भिंतीचाच वाटतो.

नियम जुनाच आहे. वरच्या थरात खालच्यापेक्षा तेल जास्त हवं, कमी कधीच नको. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. खाली तेलकट, संथ थर आणि वर पातळ, झटपट वाळणारा थर असेल तर वरचा आधी कडक होतो. मग खालचा हलतो आणि वर वाळलेल्या तळ्यासारख्या भेगा पडतात. रंगांचाही स्वभाव असतो. अंबर दोन-तीन दिवसांत हाताला लागत नाही, टिटॅनियम व्हाइटला आठवडा लागतो, अॅलिझरीन क्रिमसन आणि आयव्हरी ब्लॅक त्याहून रेंगाळतात. म्हणून काळ्याच्या जाड थरावर अंबरचा पातळ थर देणं ही भेगांना सरळ आमंत्रणाची गोष्ट.

वाळल्यावर काही भाग निस्तेज, धुरकट दिसतो. खालच्या थराने तेल ओढून घेतलेलं असतं. घाबरून वर नवा रंग लावू नका. जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं घ्या, त्या भागावर अगदी पातळ चोळा, पाच मिनिटांनी कोरड्या कपड्याने पुसा. मूळ रंग परत वर येतो आणि कळतं की तिथे काही बिघडलेलंच नव्हतं.

तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळ्यात कोंडली गेली की चिंधी आपोआप पेटते. एकेक पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका.

तारखेपासून मागे मोजणं

बहुतेक फजिती वेळेच्या हिशोबात होते. मुंबईत काळा घोड्याच्या जहांगीर कलादालनात (१९५२ पासूनचं) प्रदर्शनं मंगळवार ते सोमवार अशी आठवड्याची असतात आणि तारखेसाठी काही वर्षं थांबावं लागतं. म्हणजे वेळ भरपूर असतो आणि तरी शेवटचं चित्र ओलं असताना टेंपोत चढतं. समजा उद्घाटन जानेवारीत आहे. मग नाइफचा शेवटचा जाड थर ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत संपलाच पाहिजे आणि शेवटचा पातळ थर डिसेंबरच्या सुरुवातीला. पावसाळ्याचे चार महिने अर्धेच धरा, कारण कोंदट, अंधाऱ्या खोलीत सगळंच लांबतं. शिवाय अंधारात ठेवलेलं जवसाचं तेल पिवळं पडतं, तेव्हा ओली चित्रं भिंतीकडे तोंड करून रचू नका. पंखा, उघडी खिडकी आणि मागे हवा फिरायला चार बोटं जागा हवी. मागच्या बाजूला बुरशीचे ठिपके दिसले तर ओल्या फडक्याने पुसू नये, बुरशी पसरते. चित्र कोरड्या हवेत न्या, तोंडाला मास्क लावून मऊ कोरड्या ब्रशने बाहेर अंगणात झटका. घाई असेल तर लिक्विनसारखं अल्किड (कृत्रिम राळेचं) माध्यम पातळ थर एका दिवसात वाळवतं. पण ते पहिल्या थरापासून वापरा, मधेच सुरू करू नका.

भिंत

दालनाची भिंत धावत्या फुटांत मोजून घ्या. दारं, खांब, स्विचबोर्ड, एसीची तोंडं सगळी नोंदवा. पुठ्ठ्याचं १:२० मापाचं दालन करा, चित्रांचे छोटे प्रिंट त्याच मापात कापा आणि आठवडाभर हलवत राहा. वीस चित्रं झाली असतील तर बारा लावा. गाळताना वाईट चित्र सहज जातं. खरं जड जातं ते चांगलं पण दुसऱ्या एखाद्याचंच पुन्हा म्हणणं मांडणारं चित्र गाळणं, आणि तेच गाळायचं असतं.

एका भिंतीचा हिशोब असा. भिंत ३० फूट, म्हणजे ३६० इंच. पाच चित्रांच्या रुंदी ६०, ४८, ४८, ३६ आणि ३०, बेरीज २२२. उरले १३८ इंच. सहा समान भाग केले तर प्रत्येकी २३ येतात आणि भिंत शोरूमसारखी दिसते. त्याऐवजी दोन्ही टोकांना १८-१८ सोडा. उरलेल्या १०२ इंचांत चार फटी येतात, त्या २०, २०, ४२ आणि २० ठेवा. ही ४२ इंचांची मोकळी भिंत कुठे येणार ते पहिल्या दिवशीच्या नकाशावर बघा. लाल खुणेने लांब गेलेली विहीर तिथे असते. घराची तीन चित्रं पाहून माणूस साडेतीन फूट चालतो आणि मग खाडीशी पोहोचतो. आठवणीतलं अंतर असं पायाखाली देता येतं, ते कुठल्याही मजकुरात लिहून जमत नाही.

उंचीचा सर्वसाधारण नियम म्हणजे चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर. हुकाची उंची काढायची रीत: ५७ अधिक चित्राच्या उंचीचा निम्मा, वजा चित्रामागच्या ताणलेल्या तारेचा सर्वांत उंच बिंदू वरच्या कडेपासून जितका खाली येतो ते. ३६ इंच उंच चित्र आणि तार ४ इंच खाली असेल तर ५७ + १८ − ४, म्हणजे ७१ इंचांवर हुक. तार हाताने ताणून मोजा. सैल तारेचं माप घेतलं की चित्र वेगळ्याच उंचीवर लटकतं.

पण खाडीची रेघ हाच विषय असलेल्या चित्रांना हा नियम मारक ठरतो. प्रत्येक चित्रात रेघ वेगळ्या उंचीवर आहे, मध्य जुळवले की रेघा भिंतभर उड्या मारतात. अशा वेळी रेघ जुळवा. रेघेची पातळी ५८ इंच धरली आणि ४८ इंच उंच चित्रात रेघ खालून २० इंचांवर असेल तर चित्राची खालची कड ३८ वर येते, वरची ८६ वर. तार ५ इंच खाली, म्हणजे हुक ८१ वर. शेजारच्या ३६ इंची चित्रात रेघ खालून २२ वर असेल तर त्याच्या कडा ३६ आणि ७२ वर. कडा खालीवर होतात, पाणी मात्र एका पातळीत राहतं. हे तीन-चार चित्रांपुरतंच करा. अख्ख्या दालनात केलं तर युक्ती दिसू लागते.

मोठ्या चित्राला दोन हुक द्या, एकावर ते कलतं. चित्रामागच्या कड्या वरच्या कडेपासून पाव ते तृतीयांश उंचीवर हव्यात, खाली लावल्या तर चित्र पुढे झुकतं. टांगणाऱ्या माणसांसाठी मागे ठळक बाण काढून 'वरची बाजू' लिहा. अमूर्त चित्र उलटं लागणं नेहमीचंच आहे आणि उद्घाटनाच्या दिवशी ते उतरवणं फार जिवावर येतं. एसी सुरू झाल्यावर कापड सैल पडलं तर चौकटीच्या कोपऱ्यांत मागून बसवलेल्या लाकडी पाचरी हलक्या हाताने ठोका. ठोकताना कापड आणि पट्टीच्या मध्ये पुठ्ठा घाला. पाचर किंवा लाकडाचा कपचा खाली पडून अडकला तर पुढून फोडासारखा उंचवटा येतो.

उजेड

दिवा उभ्या रेषेशी साधारण ३० अंशांत यावा. त्याहून सरळ खाली टाकला तर नाइफच्या प्रत्येक उंचवट्याची लांब सावली पडते, त्याहून समोरून टाकला तर चकाकी थेट डोळ्यांत येते. भोकांचा पोत दाखवायचा असलेल्या एखाद्याच चित्राला मुद्दाम जरा जास्त वरून उजेड द्या. दिव्यांचा सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर हवा, नाहीतर जांभ्याचे तांबडे मातकट दिसतात. ३००० ते ३५०० केल्विनचा, म्हणजे किंचित पिवळसर उजेडाचा, दिवा या रंगांना मानवतो. सगळे दिवे एकाच मालिकेतले आहेत का तेही बघा. एक पांढरा, एक पिवळा असं झालं की पॅलेट जपण्याची वर्षभराची मेहनत वाया जाते.

नावं आणि मजकूर

ठिकाणाचं नाव एकदाच, प्रदर्शनाच्या शीर्षकात किंवा निवेदनात. चित्रांची नावं 'भरतीच्या आधी', 'माजघर, दुपार' अशी साधी ठेवा. 'रचना ४' हे नाव बघणाऱ्याला बाहेरच ठेवतं आणि 'आजोळचं घर, पूर्वेकडची भिंत' हे त्याला घर शोधायला लावतं. नावाच्या पट्टीवर नाव, 'कॅनव्हासवर तैलरंग', आधी उंची मग रुंदी, आणि वर्ष. निवेदन दीडशे शब्दांचं पुरे. 'अस्तित्वाच्या अथांग पोकळीतून' असं सुरू झालेलं निवेदन दुसऱ्या ओळीपुढे कुणी वाचत नाही. त्याऐवजी असं लिहा: 'पडवी पश्चिमेला होती. साडेचारनंतर जमिनीवर उन्हाचा पट्टा यायचा आणि दिवेलागणीपर्यंत भिंतीवर चढायचा. या चित्रांतला उजेड तिथला आहे.' वाचणारा मान वर करून तो उजेड शोधतो.

ने-आण

बबल रॅप थेट रंगावर कधीही गुंडाळू नका. वरून वाळलेला जाड रंग आतून मऊच असतो, टेंपोतल्या उष्णतेने त्यावर बुडबुड्यांचे गोल ठसे उठतात आणि ते निघत नाहीत. कोपऱ्यांवर पुठ्ठ्याचे जाड कोन लावा, म्हणजे वेष्टन रंगापासून अधांतरी राहील. पोत नसलेल्या चित्रांवर आधी ग्लासीन (गुळगुळीत, सहसा न चिकटणारा) कागद घाला, मग बबल रॅप, तोही बुडबुडे बाहेर करून. टेंपोत चित्रं उभी, लांब बाजू खाली आणि प्रवासाच्या दिशेला समांतर बांधा. आडवी रचली की प्रत्येक खड्ड्याला कापड हेलकावतं. निघण्याआधी प्रत्येक चित्राचा समोरून आणि चारही कोपऱ्यांचा फोटो काढा. उद्घाटनाची समई दारापाशी ठेवा, चित्रांजवळ आणि टर्पेंटाइनच्या बाटलीजवळ नाही.

व्हार्निशची घाई करू नये. पातळ चित्राला सहा महिने, जाड चित्राला वर्षभर तरी द्यावं, नाहीतर व्हार्निश खालच्या रंगात मिसळून चिकट राहतं आणि धूळ धरतं. चित्र त्याआधीच विकलं गेलं तर शेवटचा थर कधी दिला ती तारीख आणि व्हार्निश कधी द्यायचं तो महिना चौकटीवर पेन्सिलीने लिहा. घेणाऱ्यालाही सांगून ठेवा की तोवर ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर लावायचं नाही, आणि धूळ झटकायला कोरडा मऊ ब्रशच घ्यायचा.